माझ्या पोटाखालचे सहा दिवे

मित्रांनो, मी होडी आहे. लाकडाची, जुनी, आणि हल्ली जरा गोंधळलेली. माझी गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण मधेच मला दिवस आहे की रात्र हे कळेनासं झालं, तर तुम्ही सांभाळून घ्या.

टोकावड्याच्या अलीकडे एक फाटा आत वळतो. त्या फाट्याने गेलं की डोंगरांच्या ओंजळीत एक लहानसं धरण लागतं. अलीकडच्या काठाला रस्ता, पलीकडच्या काठाला पाडा, आणि मधल्या पाण्यावर मी.

माझा जन्म मात्र इथला नाही. कल्याणच्या खाडीकाठी एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. सागाच्या फळ्या, फणसाच्या बरगड्या. दोन फळ्यांच्या सांध्यात तो कापूस ठासायचा, वरून राळ आणि तेल चोपडायचा आणि पाठीवर थाप मारून म्हणायचा, "पानी पिशील तेवडी घट्ट होशील." मला वाटलं, झालं, आता खाडीत उतरायचं. पण मला उचलून टेम्पोत घातलं, तेही उपडं, पोट आभाळाकडे करून. होडीचा पहिला प्रवास डांबरी रस्त्यावरून, डोकं खाली पाय वर. गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली असावी.

ज्यांनी मला आणलं ते यमाजी. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. त्यांनी माझ्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि मला पाण्यात ढकललं. त्या दिवसापासून मी माणसं नेली आणि आणली. शाळेची पोरं, बाजाराची टोपली, रेशनचा तांदूळ, बोकड, कोंबड्या, तापाने फणफणलेलं बाळ, आणि हळदीच्या अंगाची नवरी. नवरी जाताना रडायची, आणि तीच पुढच्या दिवाळीला माहेरी येतानाही रडायची. मला कधी उमगलं नाही की रडणं जाण्याचं असतं की येण्याचं.

यमाजींचं वल्हवणंही मला कोड्यात टाकायचं. वल्हवणारा माणूस ज्या काठाला जायचं त्याच्याकडे पाठ करून बसतो. पुढे जातो, पण बघतो मागे. यमाजींनी सगळा जन्म असाच काढला.

मग पाड्याला रस्ता आला. धरणाला वळसा घालून, लांबून, पण दारापर्यंत आला. मोटरसायकली आल्या, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीपा आल्या. माझ्याकडे कुणी फिरकेना. एक अख्खा उन्हाळा मी जांभळाखाली पडून होते, आणि कोंबड्या माझ्या पोटात अंडी घालत होत्या. यमाजी मात्र रोज येऊन माझ्या कडेवर बसायचे, तंबाखू मळायचे, आणि उठून जायचे.

नंतर काठावर तंबूवाल्यांचा कॅम्प उभा राहिला. शनिवार-रविवारी शहरातली माणसं यायची. त्यांना पाण्यावर एक फेरी हवी असायची. यमाजींनी मला धुतलं, घासलं, निळा पट्टा ओढला. चार नारिंगी जाकिटं आली. माझे दिवस पुन्हा बरे आले.

आता संदेशचं सांगते. संदेश म्हणजे यमाजींचा आणि निर्मलाबाईंचा एकुलता मुलगा. माझ्याच पोटात रांगलेला. तो आसनगावला खोली घेऊन राहायचा, एका गोदामात काम करायचा, आणि पंधरवड्यातून एखाद्या रविवारी घरी यायचा. आला की निर्मलाबाई चूल लवकर पेटवायच्या आणि यमाजी उगाच खोकायचे. त्याने यावं, राहावं, असं दोघांनाही वाटायचं. पण बोलायचं कोणी?

या चैत्रात तो आला आणि जेवता जेवता बोलला. मी तेव्हा अंगणाच्या कडेलाच, जांभळाखाली उपडी होते, म्हणून ऐकलं.

"कॅम्पवाला मालक बोलला, होडीला पाण्याखाली लाइट लावा. एलईडी. संध्याकाळी पाणी निळं दिसतं. लोक त्यासाठी येतात, फोटो काढतात. तसं केलं तर तो सगळे पाहुणे आपल्याकडेच पाठवणार."

"पान्याखाली दिवं?" यमाजी म्हणाले. "माशांना अभ्यास करायचाय?"

निर्मलाबाई हसल्या. संदेश हसला नाही. "बाबा, हे चाललं ना, तर मी आसनगावची खोली सोडतो. इथंच राहतो. नाय चाललं तर गोदामवाले विचारतायत, पक्कं करू का म्हणून. मग मी तिकडचाच झालो असं समजा."

यमाजींनी भाताचा घास हातातच धरला. मग तो खाली ठेवून म्हणाले, "तुझं तू बघ." एवढंच म्हणाले. पण मित्रांनो, त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या पाठीवरून कितीतरी वेळ हात फिरवला. त्यांना दिवे हवे होते की नको, हे मला आजही सांगता येणार नाही. मुलगा हवा होता, हे सांगता येईल.

दर वर्षी होळीनंतर मला पाण्याबाहेर काढून उपडी घालतात. ऊन खाऊन माझ्या फळ्या सुकतात, आक्रसतात, सांधे उघडतात. मग यमाजी शेवाळ खरवडतात, कापूस भरतात, तेल पाजतात. आणि सगळ्यात शेवटी मला काठच्या उथळ पाण्यात नेतात, आत दगड भरतात आणि बुडवतात. घाबरू नका. ते आमचं दरवर्षीचं आहे. तीन-चार दिवस बुडून राहिलं की फळ्या पाणी पितात, फुगतात, एकमेकींना आवळून धरतात. मग दगड काढायचे, पाणी उपसायचं, की होडी पुन्हा नवी. माझ्यासारखी लाकडी होडी तरंगायची तर आधी तिला बुडावं लागतं.

पण संदेश या दिवसांत कधी घरी नसायचा. त्याने मला उपडी पाहिली होती, तरंगताना पाहिली होती. मधलं बुडणं त्याने लहानपणी पाहिलं असेल तेवढंच.

पुढच्या रविवारी यमाजी टोकावड्याला एका लग्नाला गेले होते. तेव्हा संदेश दीपेशला घेऊन आला. दीपेश त्याचा शाळेतला दोस्त. मंडपाचं, हळदीचं लायटिंग करतो, त्याचा स्वतःचा टेम्पो आहे. त्यांनी माझ्या अंगावरची हिरवी रेघ शोधली. पाणी जिथवर टेकतं तिथे शेवाळाची रेघ राहते ना, तीच. तिच्या खाली खडूने सहा गोल काढले. डाव्या अंगाला दोन, उजव्या अंगाला दोन, मागच्या आडव्या फळीला दोन.

"आपन हळदीला खांबाला लाइट बांधतो," दीपेश म्हणाला. "होडीला भोक पाडायचं काम पयल्यांदाच. बुडाली तर माझं नाव सांगू नको."

"तू बोलू नको, ड्रिल धर."

मित्रांनो, ड्रिल माझ्यात शिरलं तेव्हा दुखलं नाही. पण मी फार बावचळले. होडीचं सगळं शहाणपण एकाच गोष्टीत असतं, की आपल्यात भोक असू नये. आणि इथे माझाच संदेश, जो माझ्या पोटात बसून दूध प्यायला, तो भुसा फुंकून म्हणत होता, "मस्त गोल पडलंय."

भोकांत दिवे बसले. कडेने पांढरं सिलिकॉन दाबलं. तारा माझ्या बरगड्यांवरून खिळ्यांनी पळवल्या आणि मागच्या बैठकीखाली एका पेटीत नेल्या. पेटीत बॅटरी, पेटीवर बटण. बटण दाबलं. उन्हात दिवे धड दिसलेही नाहीत, पण दोघांनी टाळी दिली. पुढच्या शनिवारी संध्याकाळी कॅम्पचे पाहुणे यायचे ठरले, आणि दोघं गेले.

यमाजी लग्नाहून आले. माझ्याजवळ वाकले. एका दिव्यावर तळहात ठेवला. मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर, ताप बघावा तसा.

"गो," त्यांनी निर्मलाबाईंना हाक मारली, "तुझ्या लेकानं होडीची चाळन केली."

"तुमी रागावू नका. त्या दिव्यांपायी घरी येतोय ना पोरगा?"

"रागावतो कुठं? सांगायचं तरी होतं. मी काय नाय बोललो असतो?"

"बोललाच असता."

माझ्या मनात आलं की आता यमाजी सिलिकॉन उपटतील, दिवे काढून फेकतील. पण ते तेल घेऊन आले. दिव्यांच्या कडेकडेने, लाकडाला लागेल आणि काचेला लागणार नाही असं, बोटाने तेल लावत बसले.

आणि मग त्यांनी दर वर्षी करतात तेच केलं. भावाला हाक मारून मला पाण्यात नेलं, दगड भरले आणि बुडवलं.

निर्मलाबाईंनी काठावरून विचारलं होतं, "अवो, त्या मागल्या पेटीचं काय?"

"पान्याखालचे दिवं हायेत ते. पान्याला काय घाबरतात? पेटी त्यांचीच हाय, ती पन पान्याचीच असंल."

मी ओरडले असते. पण मला तोंड कुठे आहे? आणि खरं सांगू, मला तरी काय ठाऊक होतं? दिवे पाण्याखालचे, हे सगळ्यांनीच सांगितलेलं. पाणी माझ्या कडेवरून आत आलं, पेटीच्या झाकणातून आत शिरलं, आणि मी ओळखीच्या गारव्यात तळाशी टेकले.

आता जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. ऊन कलत होतं. पाण्यात हिरवट अंधार भरत होता. इतक्यात माझ्या अंगात काहीतरी फुरफुरलं आणि दिवे आपसूक लागले. बटणाला कुणी हात लावला नव्हता. जोरात नाही, देव्हाऱ्यातल्या वातीएवढे, पण सहाच्या सहा. बारीक मळे माशांची पिल्लं धावत आली आणि दिव्यांभोवती फिरू लागली. काही माझ्या पोटात शिरली, जिथे माणसं बसतात तिथे. मला वाटलं सकाळ झाली. मग वाटलं दिवाळी आली. मी बुडालेली होते आणि पेटलेली होते, आणि या दोन्हींतलं खरं कोणतं हे सांगायला जवळ कुणीच नव्हतं.

निर्मलाबाई भांडी घासायला आल्या होत्या. त्यांच्या हातातला टोप तसाच राहिला. त्या पाण्याकडे बघत बसल्या, आणि भीती ओसरल्यावर आपल्याशीच गुणगुणल्या,

"पान्यात पेटं दिवा, कोनी गो लावियेला
बुडाल्या होडीमंदी चांद गो झोपियेला."

मग त्यांनी यमाजींना बोलावलं. यमाजी आले, पाहिलं, आणि मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "बघ. पान्यात घातल्याबरोबर लागलं. पोराचं काम चोख हाय." त्यांच्या आवाजात किती अभिमान होता, मित्रांनो! मी त्या अभिमानाच्या खाली बुडून होते, आणि दिवे हळूहळू मंदावत होते. सकाळपर्यंत सगळे विझले. यमाजींना वाटलं, दिवसा कशाला लागतील?

शनिवारी दुपारी संदेश दीपेशच्या टेम्पोतून उतरला. जांभळाखाली गेला. तिथे मी नव्हते.

"बाबा, होडी कुठाय?"

"पान्यात."

"पाण्यात कुठं? दिसत नाय."

"खाली हाय. दगडं घालून."

संदेश चपलाही न काढता कमरेएवढ्या पाण्यात आला. वाकून मागच्या बैठकीखाली हात घातला, पेटी चाचपली, आणि तसाच वाकलेला राहिला.

"बॅटरी होती त्यात," तो म्हणाला.

"पान्याखालचे दिवं, तूच बोललास ना."

"दिवे पाण्याखालचे! बॅटरी नाय पाण्याखालची. बाबा, एक फोन करायचा. बुडवतोय म्हणून नुसतं सांगायचं."

"तू भोकं पाडताना केला होतास?"

दीपेश टेम्पोचं चाक बघू लागला, जसं काही ते पहिल्यांदाच पाहतोय.

"सोडा मग," संदेश पाण्यातून बाहेर येत म्हणाला. "मी उद्या जातो आसनगावला. गोदामवाल्यांना हो सांगतो. हे आपल्याच्यानं होत नाय."

यमाजी खाली बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाण्याकडे बघू लागले. मला इतकं वाईट वाटलं. एकाने मला सजवायला भोकं पाडली, दुसऱ्याने मला जपायला बुडवलं. चूक कुणाची म्हणू? दोघांचे हात माझ्यावर मायेनेच फिरले होते.

शेवटी निर्मलाबाईच म्हणाल्या, "भांडा पोटभर. पन आधी होडी वर काढा. पाहुनं सांजच्याला येतील, त्यांना काय तुमची तोंडं दाखवू?"

मग तिघांनी दगड काढले. डब्याने पाणी उपसलं. मी वर आले, हलकी झाले, तरंगले. आता सगळे माझ्या सहा भोकांकडे बघत होते. संदेशने आतली फळी फडक्याने कोरडी केली, आणि निर्मलाबाई एकेका दिव्याच्या मागे तळहात टेकवून थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मीही श्वास रोखला होता, होडीला श्वास असेल तर.

"कोरडं हाय," त्या म्हणाल्या. "सगळी कोरडी."

माझ्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या. प्रत्येक दिवा त्यांनी असा आवळून धरला होता, जसं मूल आईचं बोट धरतं. संदेशने दिव्याच्या कडेवर नख फिरवलं. "सुक्या लाकडात बसवले होते," तो हळू म्हणाला. "तशीच सोडली असती, पाहुणे घेऊन..."

यमाजी उठून जवळ आले. त्यांनीही बोट फिरवलं. "भोक मात्र गोल पाडलंस," ते म्हणाले.

दीपेशने टेम्पोची बॅटरी काढून आणली. पेटी, बटण सगळं बाद झालं होतं, म्हणून त्याने तारा सरळ बॅटरीला जोडल्या. डाव्या अंगाचे दोन दिवे लागले. मागच्या फळीचा एक लागला. बाकीच्यांच्या तारांचे सांधे भिजून मेले होते.

"अर्धी लागली," दीपेश म्हणाला. "आता टेम्पो इथंच. परत जाताना पाहुण्यांना धक्का मारायला लावू."

दिवस मावळताना पाहुणे आले, जाकिटं घालून बसले. यमाजींनी वल्ही घेतली, संदेश नाळेशी बसला. आम्ही काठापासून सुटलो. पाणी डाव्या बाजूला निळं झालं, उजव्या बाजूला काळं राहिलं. एका लहान मुलीने विचारलं, "या बाजूला लाइट का नाही?"

"ती बाजू झोपलीय," संदेश म्हणाला. मुलीला ते पटलं. ती त्या बाजूला अगदी हळू आवाजात बोलू लागली.

आम्ही पाण्याच्या मध्यावर आलो असू. एकाएकी वल्ही थांबली. मी आपसूक पुढे सरकत राहिले. यमाजी डावीकडे वाकून पाण्यात बघत होते. त्यांचं वल्हं उजेडात होतं. त्याचं पातं पाण्याखाली वाकडं झाल्यासारखं दिसत होतं, कडेने बुडबुड्यांची माळ वर चढत होती, आणि एक मळा मासा पात्याला तोंड लावून बघत होता.

"संदेश," ते म्हणाले, "हे असं दिसतं?"

"काय, बाबा?"

"माझं वल्हं. सगळा जन्म मारतोय. खाली कसं दिसतं, कधी बघितलंच नव्हतं."

त्यांनी वल्हं पुन्हा एकदा पाण्यात ओढलं, अगदी सावकाश, फक्त बघण्यासाठी. मग ते उठले आणि संदेशकडे वल्ही सरकवली. "घे. तू मार. मला बघू दे."

यमाजींनी माझी वल्ही आजवर दुसऱ्याच्या हाती कधी दिली नव्हती. संदेश बसला. त्याचा हात आधी अडखळला, मी जरा वाकडी फिरले, पाहुणे हसले. मग लय सापडली. यमाजी कडेला हनुवटी टेकवून, लहान मुलासारखे, खाली बघत राहिले.

पाहुणे उतरले. खूश होते की नव्हते हे मला नक्की कळलं नाही. त्यांनी फोटो पुष्कळ काढले, पण अर्ध्या उजेडाबद्दल ते आपसात काहीतरी पुटपुटतही होते. कॅम्पचा मालक मान हलवून गेला. ती मान होकाराची होती की नकाराची, तेही कळलं नाही.

रविवारी सकाळी संदेश रिकामी गोणी खांद्यावर टाकून माझ्यात बसला. यमाजींनी त्याला रस्त्याच्या काठाला सोडलं. काय ठरवलंस, असं त्यांनी विचारलं नाही. त्याने सांगितलंही नाही. दीपेशचा टेम्पो आदल्या रात्री पाहुण्यांच्या धक्क्याने सुरू होऊन वळशाने या काठाला आला होता, त्यात बसून तो गेला. यमाजी परत पलीकडे गेलेच नाहीत. दिवसभर माझ्या कडेवर बसून राहिले. भाकर निर्मलाबाई रस्त्याने चालत, वळसा घालून घेऊन आल्या.

मित्रांनो, मी जुनी आहे. माझं मागणं फार नाही. मला रंगवा, सजवा, हवे तर आणखी दिवे लावा. माझ्यात भोक पाडायचं असेल तर पाडा, मला बुडवायचं असेल तर बुडवा. पण करण्याआधी एकमेकांना सांगा. तुमच्या घरातही अशी एखादी जुनी वस्तू असेल, जिच्यावर दोघा-तिघांचा जीव असेल. प्रत्येकाने आपापली माया गुपचूप केली, की ती बिचारी माझ्यासारखी गोंधळून जाते.

ऊन उतरलं तेव्हा टेम्पो आला. संदेश खाली उतरला आणि मागचं फळकं उघडलं. गुंडाळलेली गादी, स्टो, बादली, आणि भरलेली गोणी.

दीपेश म्हणाला, "अरे, टेम्पो दारापर्यंत जातो की. इथं कशाला उतरवतोस?"

"असू दे. इथंच उतरव."

गादी डोक्यावर घेऊन तो उतारावरून माझ्याकडे आला. यमाजी उठले. त्यांनी मला दोन्ही हातांनी काठाशी घट्ट धरलं.

"मधी ठेव," ते म्हणाले. "कडेला भिजंल."